थांबलेलं इंजिन

नगरच्या रणगाडा संग्रहालयात फिरताना मला कधी वाईट वाटलं नाही. रणगाडा गप्प उभा आहे, हे चांगलंच आहे. पण चौथऱ्यावर रंगवून ठेवलेलं वाफेचं इंजिन पाहिलं की अपराधी वाटतं. दोन्ही लोखंडच, मग फरक कुठे आहे?

आमच्या घरी इंजिन म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचं. नगरहून पंढरपूरला जायचं तर दौंडला गाडी बदलायची, कुर्डुवाडीला पुन्हा उतरून छोट्या गाडीत बसायचं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची ही रेल्वे 1897मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. रुळांतलं अंतर अडीच फूट. हलक्या, स्वस्त रुळांना पेलावं म्हणून एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही, हा कॅल्थ्रॉप यांचा हिशोब. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने वजन अनेक चाकांवर वाटून देणारी इंजिनं बांधली. 1906मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, पुढे लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. 1954मध्ये ती सरकारी झाली. आता तिथे मोठे रूळ आहेत.

आजोबा या रेल्वेत फिटर होते. एका स्टेशनाबाहेर ठेवलेलं इंजिन दाखवायला मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी दांड्याच्या सांध्यावर बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. कोरडं होतं.

"ह्याला तेल कोण घालतं?"

एवढंच विचारलं. फोटो काढू दिला नाही.

मी म्हणालो, निदान मूळ इंजिन तरी टिकलं. ते हसले. बॉयलरच्या नळ्या त्यांनी स्वतः किती वेळा बदलल्या होत्या! आजीच्या गोधडीला ठिगळं लागत गेली, तरी ती आजीचीच राहिली, कारण ती रोज पांघरली जात होती. इंजिनाचंही तसंच असेल.

पण एक अडचण उरते. चालवलं तर मूळ धातू झिजणार आणि पुढच्या पिढीच्या हाती आपण केलेली दुरुस्तीच लागणार. न चालवलं तर धातू राहील, पण दुरुस्त करणारे हात संपतील. दोन्ही वाचवता येत नाहीत.

मी झिजण्याच्या बाजूचा आहे. एखादं तरी इंजिन चालतं ठेवावं आणि बदललेल्या प्रत्येक भागावर साल कोरावं, म्हणजे खोटेपणा होणार नाही. थांबणं हे रणगाड्याचं भाग्य आहे. इंजिन माणसं पोचवायला जन्मलं. त्याचा मान राखायचा तर हाराआधी तेलाचा डबा हवा.