पत कोणाची?

आयुष्यात कधी कोणाचा एक पैसाही देणे लागलो नाही, हे सांगताना जुन्या पिढीतील गृहस्थाच्या स्वरात जे समाधान उमटते ते सात्त्विक आहे, यात शंका नाही. परंतु त्याच गृहस्थाचा मुलगा नोकरीचे पहिले वर्ष संपवून मोटारीसाठी कर्ज मागावयास बँकेत जातो, तेव्हा त्या समाधानाला एक विलक्षण उत्तर मिळते. मेजापलीकडचा अधिकारी संगणकात पाहतो आणि सांगतो की, आपल्या नावावर कर्जफेडीचा काहीच इतिहास नाही. ज्याने कधी ऋण काढले नाही त्याला पतही नाही! बालाघाटसारख्या गावात, जेथे माणूस अजून घराण्याच्या नावाने ओळखला जातो, तेथे ऐकणाऱ्यास हा तर्काचा विपर्यास तर वाटतोच, पण थोडा अपमानही वाटतो.

विपर्यास तो नव्हे. पत म्हणजे सज्जनपणा नव्हे. दिलेला शब्द पाळला गेल्याची ती साक्ष होय. ज्याने शब्द दिलाच नाही, त्याने तो पाळला की मोडला याची साक्ष येणार कोठून? सिबिलच्या अहवालात ३०० पासून ९०० पर्यंत गुण दिले जातात आणि ज्याचा काहीच इतिहास नाही त्याच्यापुढे उणे एक हा अंक पडतो. उणे या शब्दाने दचकू नये. तो अंक दोष दाखवीत नाही, अपरिचय दाखवितो. निव्वळ या अपरिचयापायी पहिल्या कर्जदाराचा अर्ज फेटाळू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना दिलेली आहे. तेव्हा प्रश्न पत आहे की नाही हा नसून, ती कोणाची असावी हा आहे.

पूर्वी ती घराची असे. मध्यप्रांताच्या काळात आमच्या जिल्ह्यातला सावकार ऋणकोकडे पाहत नसे. त्याचे शेत, त्याचा बाप, त्याचा मालगुजार यांच्याकडे पाही. वारासिवनीच्या किंवा लांजीच्या बाजारात एखाद्याचे नाव पुरे होई, एखाद्याचे सारे शिवार पुरे होत नसे. या व्यवहारात ओळखीचा ओलावा होता हे खरे. पण त्याच ओलाव्यात कर्जाची मुळे पिढ्यान्पिढ्या वाढत गेली. अखेर १९३३ साली मध्यप्रांत सरकारला कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला. जुन्या पतीचे गोडवे गाताना हा कायदा का लागला हेही आठवावे. ज्याच्या घराला नाव नव्हते, त्याने कितीही इमानाने मजुरी केली तरी त्याच्या इमानाला वहीत रकाना नव्हता. आणि स्त्रीला तर तो कोठेच नव्हता.

घराच्या पतीबरोबर घराचे ऋणही येई. बापाचे कर्ज अनीतीच्या कामासाठी काढलेले नसेल तर ते फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, असे हिंदू विधीने मानले आणि ब्रिटिश न्यायालयांनीही ते उचलून धरले. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, या आपल्या जुन्या विचाराशी ते सुसंगतही होते. मात्र पितृऋण फेडणे आणि पित्याच्या सावकाराचे देणे फेडणे या दोहोंत जे अंतर आहे, ते न्यायालयांत पुष्कळदा पुसट झाले.

२००५ हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या एका वर्षात संसदेने दोन कायदे केले. हिंदू उत्तराधिकाराच्या कायद्यातील दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली. तिची चर्चा पुष्कळ झाली. तिच्याच शेजारी असलेल्या दुसऱ्या तरतुदीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ धर्मकर्तव्य म्हणून, मुलावर, नातवावर वा पणतवावर दावा चालणार नाही, असे ती सांगते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कर्जफेडीची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांना नियमांत बसविले. एकीकडे बापाचे ऋण मुलावरून उतरले, दुसरीकडे ज्याची त्याची पत ज्याच्या त्याच्या नावे लिहिली जाऊ लागली. दोन्ही कायदे करणाऱ्यांनी एकमेकांचा विचार केला असेल असे मला वाटत नाही. पण परिणाम जोडीनेच झाला.

ही नवी वही उथळ आहे, हे मान्य करावयास हवे. हप्ता कोणत्या दिवशी आला एवढेच ती लिहिते. आईच्या शस्त्रक्रियेपायी उशीर झाला की चैनीपायी, हे ती विचारीत नाही. बँकेत वर्षानुवर्षे साठविलेल्या मुदत ठेवीची तिच्यात नोंद नसते. काटकसरीला तेथे गुण नाहीत, याची खंत मलाही वाटते. पण ती आडनावही विचारीत नाही. बैहरच्या आदिवासी शिक्षिकेला आणि जुन्या मालगुजाराच्या नातवाला ती एकाच मापाने मोजते. इतका कोरडा न्याय आपल्या ओलसर परंपरेला क्वचितच साधला.

या दोहोंमधला मार्ग आपल्या कोकणी बांधवांनी पूर्वीच शोधला होता. श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांनी १९०६ साली मुंबईत श्यामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढली. तिचीच पुढे बँक झाली. उडुपीला १९२८ पासून दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे जमा करण्याची पिग्मी योजना सुरू झाली. येथे माणसाची ओळखही होती आणि त्याच्या स्वतःच्या नावाचे खातेही होते. रोजचे दोन आणे ही बचत होती, तशी ती नियमितपणाची साक्षही होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहिले तिच्याकडे येतो. मुलाला इतिहास नाही म्हटल्यावर बँक जामीनदार मागते आणि बाप किंवा मामा सही करतो. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि करारात बहुधा इंग्रजी, अशा गावात ती सही बहुतेक वेळा न वाचताच होते. ‘नुसती सही आहे’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले आहे, तितके दुसरे क्वचितच. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात अन्यथा ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. प्रथम मुलाकडे मागा, मग माझ्याकडे या, असे तो म्हणू शकत नाही. ते कर्ज त्याच्याही अहवालात दिसते. म्हणजे कायद्याने बापाचे ऋण मुलाच्या डोक्यावरून उतरविले आणि वात्सल्याने मुलाचे ऋण बापाच्या डोक्यावर चढविले.

वात्सल्य वाईट नव्हे. वृद्ध आईला दवाखान्यात नेण्यासाठी मोटार हवी असेल तर मीही सही करीन. परंतु जेथे केवळ मोठी गाडी हवी म्हणून जामीन लागतो, तेथे बापाने हात आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाच्या एकट्याच्या सहीवर जेवढे कर्ज मिळेल तेवढ्यात जुनी मोटार किंवा स्कूटर येत असेल, तर तीच त्याची खरी ऐपत. तिचे हप्ते तो स्वतः भरील तेव्हा वहीत जे नाव लिहिले जाईल ते त्याचे असेल. मुलीच्या बाबतीत तर मी याहून आग्रही आहे. तिचे पहिले कर्ज भावाच्या किंवा होणाऱ्या नवऱ्याच्या नावे काढून ‘गाडी तुझीच’ म्हणणे हे तिची पत दुसऱ्याच्या खाती जमा करणे होय. पुढे तिला घरासाठी कर्ज लागले तर तिच्यापुढे पुन्हा तोच उणे एक उभा राहतो.

मोटार दारात आली, चाकाखाली लिंबू फुटले, कोटेश्वराला नारळ वाढविला, तरी नोंदणीपत्रावर बँकेचे नाव असतेच. शेवटचा हप्ता फिटल्यावर बँकेकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन ते नाव परिवहन कार्यालयातून कमी करवून घ्यावे लागते. ते आपोआप जात नाही. पुष्कळ लोक ते विसरतात आणि गाडी विकावयास निघाले म्हणजे धावपळ करतात. त्या खेपेला मुलाबरोबर बापाने जाऊ नये. मुलाला एकट्यालाच पाठवावे.