एक पान कमी

निवृत्त माणसाला घरात कुठंही बसवलं तरी तो वाटेतच येतो, हा शोध आमच्या हिने माझ्या निवृत्तीच्या तिसऱ्याच दिवशी लावला. चौथ्या दिवशी नातीने विसरून ठेवलेली रंगीत पेन्सिलींची पेटी तिने माझ्या हातात दिली, खिडकीजवळची खुर्ची दाखवली आणि म्हणाली, "इथं बसा आणि काहीतरी काढा. आवाज मात्र काढू नका."

बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत चित्रकलेचं युग सुरू झालं ते असं.

पेटी कॅम्लिनची, चोवीस रंगांची. 1931 साली दांडेकर बंधूंनी शाईची पूड विकून जो उद्योग मांडला, त्याचा पुढं एक कारखाना आमच्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतही उभा राहिला. मायकेलअँजेलोला संगमरवरासाठी काराराच्या डोंगरात जाऊन राहावं लागे. माझी कंपनी रिक्षाच्या अंतरावरची! निदान साहित्याच्या बाबतीत तरी मी त्याच्यापेक्षा नशीबवान ठरलो.

आता काढायचं काय? पालघर स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून जगप्रसिद्ध चित्रांचं एक जाडजूड पुस्तक वजनावर आणलं. चाळता चाळता ठरवलं, की आपण फक्त जेवणावळी काढायच्या. तुम्हाला वाटेल, मानवजातीच्या सहभोजनाचं तत्त्वज्ञान वगैरे मनात असेल. तसं काही नव्हतं. मला माणसाचे पाय काढता येत नाहीत. जेवायला बसलेल्या माणसांचे पाय टेबलाखाली जातात, एवढाच त्यात विचार होता.

आरंभ थेट लिओनार्दोपासून केला. मिलानमधल्या एका मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर 1495 ते 1498 या काळात त्याने 'शेवटचं भोजन' रंगवलं. इथं तर पायांचा प्रश्न साधूंनीच सोडवून ठेवला होता. 1652 साली त्यांनी भिंतीतला दरवाजा उंच करून घेतला आणि त्यात मधोमध बसलेल्या येशूचे पाय गेले. पोळ्या तव्यावरून थेट पानात याव्यात, असा काही हट्ट असेल. भुकेपुढं कला उभी राहिली तर जिंकतं कोण, हे त्या भिंतीत कायमचं कोरलेलं आहे.

रंगीत पेन्सिलीची एक खोड या चित्राने मला शिकवली. पेटीत पांढरी पेन्सिल असते, पण ती बहुधा चोवीस आकडा पुरा करण्यासाठी असावी. या पेन्सिलींत मेण असतं. गडद रंग एकदा दाबून दिला, की कागद गुळगुळीत होतो आणि त्यावर पांढरा काही केल्या बसत नाही. म्हणून जे पांढरं हवं, ती जागा आधीपासून कोरी राखून ठेवायची. लिओनार्दोच्या टेबलावरची ती लांबलचक चादर मी अशी पंधरा मिनिटांत 'काढली'. भात काढायचा असेल तर काहीच काढायचं नाही. असं बिनकष्टाचं काम नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

तेरा जणांना रंगवून मी चित्र हिला दाखवलं. वीस वर्षांहून अधिक चाललेली मूळ चित्राची साफसफाई 1999 साली संपली, तेव्हा ताटांतले माशाचे तुकडे नीट दिसू लागले, आणि तो मासा वाम असावा असं काही जाणकार म्हणतात, ही माहितीही पुरवली. सातपाटीच्या पापलेटावर वाढलेल्या बाईला वामीचं कौतुक ते काय असणार! तिने चष्मा लावला, चित्र लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "एवढी तेरा माणसं बसली आहेत, यांना वाढतंय कोण?"

"म्हणजे?"

"अहो, समोरची बाजू सगळी मोकळी सोडली आहे, ती वाढायलाच ना? मग वाढणारी कुठं आहे?"

पाचशे वर्षांत या चित्रावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. सुरी कोणाच्या हातात, कोण कोणाकडं झुकलं आहे, सगळ्याची चर्चा झाली. पण "स्वयंपाक कोणी केला?" हा आक्षेप बोईसरला निघाला.

त्या दिवसापासून पुस्तकाकडं बघायची माझी नजर बदलली. जेवणाचं चित्र आलं, की आधी वाढणारं माणूस शोधायचं. ब्रॉयगेल नावाचा फ्लेमिश चित्रकार या परीक्षेत पहिला आला. 1567 च्या सुमारास त्याने खेड्यातल्या लग्नाची पंगत रंगवली. ते चित्र हल्ली व्हिएन्नात आहे. दोन वाढपी बिजागऱ्यांतून काढलेल्या दारावर वाडगे मांडून आणताहेत, आणि चित्रात सगळ्यांत ठळक, सगळ्यांत पुढं तेच आहेत. नवरी बिचारी हात जुळवून गप्प बसली आहे, तोंडात घास नाही. नवरा कोणता, हे पंडितांनाही अजून नक्की सांगता आलेलं नाही. आपल्याकडंही लग्नाच्या दिवशी नवऱ्याला कोण ओळखतं? फेटा बांधलेला तो नवरा. आणि या चित्रात वाढप्यांच्या पायांची मोजदाद केली तर एक पाय जास्त भरतो! मी त्याला मनोमन नमस्कार केला. पायांच्या बाबतीत मी एकटा नाही.

ही म्हणाली, "हा माणूस कधीतरी पंगतीत वाढून आलेला दिसतो."

मग व्हॅन गॉग. 1885 साली त्याने बटाटे खाणारं शेतकरी कुटुंब काढलं. दिव्याखाली पाच माणसं बसली आहेत. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जाताहेत, हे त्याला दाखवायचं होतं. तिथंही एका टोकाची बाई सगळ्यांसाठी पेल्यांत कॉफी ओतते आहे. "ती शेवटी पिणार," ही म्हणाली, "आणि गार झालेली."

खरा गोंधळ घातला तो व्हेनिसच्या व्हेरोनेझेने. 1573 साली त्याने येशूचं शेवटचं भोजन काढलं आणि त्यात विदूषक, पोपट, शस्त्रधारी जर्मन शिपाई, नाकातून रक्त येणारा नोकर, सगळी गर्दी करून ठेवली. धर्मन्यायालयाने त्याला बोलावून विचारलं, की या पवित्र पंगतीत ही माणसं कशाला? तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र दुरुस्त करायचा हुकूम झाला. पठ्ठ्याने चित्राचं फक्त नाव बदललं. 'शेवटचं भोजन'चं झालं 'लेवीच्या घरची मेजवानी'. आमच्या सोसायटीचं इतिवृत्त साधारण याच पद्धतीने दुरुस्त होतं.

हसू नका. पंगतीत कोण होतं, याची चौकशी आपल्याकडंही झाली आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा कार्यक्रम झाला. त्याला गेलेल्यांची नावं छापून आली आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही त्या एका कपाचे हिशेब धर्मपीठापुढं द्यावे लागले. माणूस काय खातो यापेक्षा कोणाशेजारी बसून खातो, याची काळजी जगाला नेहमीच जास्त वाटत आली आहे.

इथवर सगळं इतिहासात चाललं होतं, म्हणजे सुरक्षित होतं. घोटाळा झाला तो पुस्तक मिटून मी स्वतःच्या जेवणावळी काढायला घेतल्या तेव्हा.

पहिली काढायची ठरवली ती कारखान्याच्या कँटीनची. अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन हवं, ही सोय 1948 च्या कायद्यातच होती. कोणी कुठं बसायचं, हे मात्र कायद्यात नाही, ते आपलं आपण ठरवतो. आमच्याकडं लांब बाकांचा एक हॉल होता आणि कोपऱ्यात प्लायवूडच्या आड साहेबांची चार टेबलं. बॉयलरवरचा माझा एक सोबती विक्रमगडकडच्या वारली पाड्यावरून यायचा. अकरा वर्षं आम्ही एका बाकावर जेवलो. त्याची तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी, माझी पोळीभाजी. रोज अर्धं तिकडं, अर्धं इकडं. मग मला बढती मिळाली. त्या दिवशी मी ताट घेऊन प्लायवूडच्या पलीकडं गेलो. डाळ तीच होती, फक्त वाटी काचेची होती. जाताना तो म्हणाला, "बरं झालं, तिकडं पंखा आहे." चार वाजता भेटला तेव्हा त्याने मला पहिल्यांदा 'साहेब' म्हटलं. मी त्याला "अरे, साहेब काय म्हणतोस" असं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, हे मला त्याच वेळी कळत होतं. पण पंखा खरंच चांगला होता.

आता त्याचा चेहरा रंगवायला घेतला. पेटीत एक फिकट गुलाबीसर पेन्सिल आहे, तिला मुलं 'स्किन कलर' म्हणतात. पालघर जिल्ह्यात त्या रंगाचा माणूस मला अजून भेटायचा आहे. येशूच्या शिष्यांना तो रंग चालून गेला, याला चालेना. तपकिरी, वर नारिंगी, गालाखाली थोडा जांभळा देत दुपारभर बसलो, तेव्हा कुठं तो दिसू लागला. अकरा वर्षं शेजारी बसून मी त्याचा चेहरा एवढा निरखून पाहिला नव्हता.

दुसरं चित्र केळव्याच्या घरच्या गणपतीच्या पंगतीचं. अंगणात केळीची पानं. वडील, काका, आत्याचे यजमान, आम्ही सगळी पोरं. वडिलांचा मुकटा, काकांचं टक्कल, पानाभोवतीची रांगोळी, सगळं डोळ्यांपुढं लख्ख. झरझर काढत गेलो, मागची भिंत गडद तपकिरी केली, आणि शेवटी आईला कुठं बसवायचं म्हणून थांबलो. थांबलो तो थांबलोच.

आई जेवताना मला आठवेना.

वाढताना आठवली. "अजून एक घे" म्हणताना आठवली. चुलीपुढं, विहिरीवर, देवापुढं आठवली. पण पानापुढं बसलेली, हातात घास घेतलेली आई, असं एक चित्र काही केल्या डोळ्यांपुढं येईना. ती जेवत असणारच, नाहीतर आम्हाला वाढवून सत्तरी कशी गाठली असती? आम्ही उठून गेल्यावर, मागल्या पडवीत, उरलंसुरलं. बघायला कोणी थांबलं नव्हतं.

मी हिला म्हटलं, "आईला वडिलांशेजारी बसवतो. चित्रच आहे, कोण बघायला येतंय!"

"बसवू नका," ही म्हणाली. "तेव्हा बसवलं नाहीत, आता कागदावर कशाला? उभी होत्या ना? मग उभ्याच काढा. पण नीट दिसतील अशा काढा."

एरवी मी तिच्याशी वाद घातला असता. कलावंताला स्वातंत्र्य असतं, वगैरे. पण राहून गेलेली गोष्ट चित्रात करून टाकली की ती भरून निघते, की आपण व्हेरोनेझेसारखं नुसतं नाव बदलतो? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. एवढं मात्र समजलं, की पेन्सिलीने आधीच सांगून ठेवलं होतं. गडद रंग देऊन झाल्यावर वरून पांढरा लावता येत नाही. ज्याला जागा द्यायची ती आधी राखावी लागते. मी चादरीसाठी राखली, भातासाठी राखली. आईसाठी राखायचं सुचलं नाही.

कागद नवा घेतला. आधी आईची जागा कोरी सोडली, ब्रॉयगेलच्या वाढप्यांसारखी, अगदी पुढं. पाय काढावे लागले. वाईट आले, पण काढले. कँटीनच्या चित्रातही सोबत्याला मधे घेतलं आणि प्लायवूडही काढलं, त्याच्यामागं ताट घेऊन निघालेल्या माझ्या पाठीसकट.

आमच्याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे 2018 साली गेले. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रं जगभर गेली ती मुख्यतः त्यांच्यामुळं. पण त्याआधी ही चित्रं लग्नघरच्या लाल भिंतीवर सवाशिणी काढत, तीही तांदळाच्या पिठाने. जो शिजवायचा त्याच तांदळाने चित्र. तारपा वाजवणाऱ्याभोवती हातात हात घालून माणसं फेर धरतात, त्या फेरात पंगतीचं वरचं टोक कोणतं नि खालचं कोणतं, हे शोधून सापडत नाही. पांढऱ्यासाठी जागा राखायची कटकटही त्यांना नाही. पांढरा तेवढाच त्यांच्याजवळ असतो. माझ्या पेटीत चोवीस रंग आहेत आणि अडचणीही तेवढ्याच.

परवा मी हिला म्हटलं, "आज तू आधी बस. मला तुझं जेवतानाचं चित्र काढायचं आहे." तिला आधी ताप आला आहे का मला, अशी शंका आली. मग बसली, ब्रॉयगेलच्या नवरीसारखी हात जुळवून. मी पेन्सिलीला टोक करतोय तोवर म्हणाली, "मीठ राहिलं," आणि उठली. पुन्हा बसवली. मी कपाळाची रेघ मारतोय तोच, "ताक आणते." शेवटी मी पेन्सिल ठेवली आणि स्वयंपाकघरात गेलो. भात वाढला, तो डावाला चिकटला. आमटी वाढली, ती ताटाखालच्या पाटावरही थोडी वाढली गेली. पोळी आणेपर्यंत भात संपला, ताक आणेपर्यंत पोळी. वाढायला उभं राहिलं तर चित्र होत नाही, आणि चित्राला बसलं तर ती उठते. लिओनार्दोच्या चित्रात वाढणारी का नाही, याचंही कारण मग सुचलं. ती बहुधा आत ताक आणायला गेली असणार.

चित्र राहिलंच. मी समोर उभा राहून विचारलं, "कसं झालंय?"

"भाजी तुमच्या हातची नाही म्हणून बरी आहे," ती म्हणाली. "आणि आता तुम्हीही बसा. गार होतंय."