राजधानीपासून जालना किती लांब?

देवगिरी एक्स्प्रेस जालन्याहून एका दिशेला मुंबईला जाते, दुसऱ्या दिशेला सिकंदराबादला. रेल्वेच्या रुळांनी मोजले तर दोन्ही शहरे आमच्यापासून जवळपास सारखीच लांब, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. हा लोहमार्ग निजामाच्या राज्यात १९०० साली सुरू झाला. आजही जालना स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेत आहे आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमची राजधानी हैदराबाद होती. मराठा आरक्षण आंदोलनात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आंदोलनाचे केंद्र ठरलेल्या, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीची नजरही हैदराबादच्या जुन्या दफ्तरांकडेच लागली. त्यामुळे 'महाराष्ट्र बरा की तेलंगणा' हा प्रश्न आमच्या पारावर निघतो तेव्हा ती परक्या मुलखाची चौकशी नसते.

२०२३ मध्ये तेलंगणात तेव्हा सत्तेवर असलेल्या भारत राष्ट्र समितीने नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला सभा घेतल्या आणि हा प्रश्न घरोघरी पोचला. त्याआधी २०१८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद भागातील गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. त्या लोकांना फितूर ठरवणे सोपे होते आणि काहींनी ठरवलेही. पण त्यांचा हिशेब समजून घ्यायला हवा. तेलंगणाने मे २०१८ पासून रयतु बंधू योजनेत एकरी हंगामाला चार हजार आणि पुढे पाच हजार रुपये दिले. म्हणजे पाच एकरवाल्याला वर्षाला पन्नास हजार. आपल्याकडे नमो शेतकरी महासन्मान योजनेतून मिळतात वर्षाला सहा हजार, मग जमीन दोन एकर असो वा दहा. घरचा कर्ता शेतकरी दगावला तर तिकडे पाच लाखांचा विमा, तोही मृत्यू कशाने झाला हे न विचारता. आत्महत्येनंतर पात्र-अपात्र ठरवणाऱ्या समित्यांचे उंबरठे झिजवलेल्या मराठवाड्यातल्या विधवांना या एका गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही.

विजेचेही तसेच. १ जानेवारी २०१८ पासून तेलंगणाने शेतीपंपांना चोवीस तास मोफत वीज जाहीर केली. आपल्याकडे आठ तासांची पाळी. ती रात्रीची आली की बॅटरी घेऊन दार मोडायला जाणारा माणूस साप-विंचवाच्या भरवशावर असतो. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ झाले, हे चांगलेच झाले. पण बिल माफ होणे वेगळे आणि दिवसा वीज मिळणे वेगळे. आमच्या शेतकऱ्याला निवड दिली तर तो दुसरी गोष्ट आधी मागेल, असे मला वाटते. जगणे सुसह्य आहे की नाही हे शहरांच्या क्रमवारीतून कळत नाही, रात्री दोन वाजता शेतात कोण उभे आहे यावरून कळते.

तरीही मला तेलंगणाचा उदोउदो करायचा नाही. रयतु बंधूचे पैसे जमिनीच्या पट्ट्यावर नाव असलेल्याला मिळाले, बटाईने कसणाऱ्याला नाही. ज्याची जमीन जास्त त्याला पैसेही जास्त. कालेश्वरम प्रकल्पाचे २१ जून २०१९ रोजी वाजतगाजत उद्घाटन झाले, सुमारे लाखभर कोटी त्यात गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडिगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले. डिसेंबरात सरकार गेले. कर्जाचा बोजा मात्र राहिला.

दरडोई उत्पन्नाचे आकडे पाहिले तर २०२३-२४ मध्ये तेलंगणा साडेतीन लाखांच्या घरात आणि महाराष्ट्र पावणेतीन लाखांच्या थोडा पुढे. पण ही सरासरी आदिलाबादच्या कापूसवाल्याची नाही, तशीच मंठ्याच्या ऊसतोड मजुराचीही नाही. तिकडे हैदराबाद आणि रंगारेड्डी आकडा वर ओढतात, इकडे मुंबई, ठाणे, पुणे. दोन राज्यांची स्पर्धा म्हणून जे दाखवले जाते ते पुष्कळदा दोन राजधान्यांचे मोजमाप असते. खरा सामना प्रत्येक राज्याच्या आत, राजधानी आणि जिल्हा यांच्यात चालू आहे.

जालन्याइतके याचे चांगले उदाहरण दुसरे मिळणार नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून निघालेला हा माणूस १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कारापर्यंत पोचला. संकरित कापसाचे, ज्वारी-बाजरीचे बियाणे म्हटले की देशभर जालन्याचे नाव निघायचे. आज बियाणे कंपन्यांची सर्वांत मोठी गर्दी हैदराबादभोवती आहे. तिथे पाटनचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट आहे, कृषी विद्यापीठ आहे, विमानतळ आहे, बीजोत्पादनाला साजेशी हवा आहे आणि बियाण्यांचे आगार व्हायचे असे म्हणणारे सरकार होते. जालन्यात माणसे होती, धाडस होते, भांडवलही होते; भोवती संस्थांचे जाळे विणले गेले नाही. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र इथे आले ते अगदी अलीकडे. स्टीलचेही असेच. भंगार वितळवून सळई करणाऱ्या आमच्या भट्ट्या विजेवर जगतात आणि युनिटच्या दरासाठी त्यांना मुंबईकडे पुनःपुन्हा हात पसरावे लागतात.

पाण्यात तर आपण दोघे शेजारी एकाच रांगेत आहोत. नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावे म्हणून अंबड-घनसावंगीचा शेतकरी भांडतो, कारण डावा कालवा त्याच पाण्यावर चालतो. आणि खाली नांदेडला बाभळी बंधारा आपण बांधला तेव्हा तेलंगी शेतकरी आपल्याशी भांडत होता. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. वरच्याने खालच्याला किती द्यावे, हा प्रश्न राज्याची हद्द ओलांडली म्हणून बदलत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात चौदा गावे अशी आहेत, ज्यांच्यावर दोन्ही राज्यांचा हक्क सांगितला गेला. माणसांकडे दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे. गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. महाराष्ट्र की तेलंगणा, या प्रश्नाला तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेले उत्तर म्हणजे दोन्ही. जे राज्य दारापर्यंत येईल ते आपले. त्यांना लोभी म्हणण्याआधी, इतकी वर्षे शेतजमिनीचे पट्टे न मिळालेली माणसे दुसरे काय करतील, याचा विचार करावा.

माझे मत स्पष्ट आहे. जालन्याने महाराष्ट्रातच राहावे. आमचा तरुण पुण्याला जातो, तिथे अडखळला तरी मराठीत अडखळतो. मुलांच्या शिक्षणाचे, नोकरीच्या अर्जाचे, कोर्टाचे बरेचसे व्यवहार त्याच्या भाषेत होतात. आणि रोजगार हमीसारखा कायदा देशाआधी याच राज्याने केला, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मराठवाड्यातल्या बायाबापड्यांच्या अनुभवातून. हे राज्य आमचेही आहे. पण मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला म्हणून त्याला शब्दच दिला गेला नव्हता, असे नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष, असे लिहिलेले आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजून दाखवला. त्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले आणि निधीवाटपाची जबाबदारी राज्यपालांकडे गेली. त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि पुनर्स्थापना रखडत गेली. मराठवाड्याच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून सभागृहात हा एक विषय धसास लावावा आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण वाचकांनी त्याबद्दल आधी विचारावे.