हात उलटा करून बघ

वाई

चि. मुक्तास,


पाडव्याला श्रीखंड वाढताना तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "मावशी, हे डाग घालवत का नाहीस?" मग मोबाइलवर एका ट्यूबची जाहिरात दाखवलीस. पंधरा दिवसांत वांग गायब, असं त्यात म्हटलं होतं. तुझ्या गालांवरची ती तपकिरी झाक तुला किती सलते आहे, ते मला तेव्हा कळलं. पाहुण्यांच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझ्या हातांचं सांगते. लोक यांना वयाचे डाग म्हणतात. पंजांच्या पाठीवर ते दहा-बारा तरी आहेत, पण हात उलटा करून दंडाच्या आतल्या बाजूला बघितलं तर एकही नाही. पंजाचं वय सदुसष्ट, तसं दंडाचंही सदुसष्टच. फरक पडला तो उन्हाने. तीस वर्षं मी लूनावरून मेडिकलमध्ये गेले. दंड ब्लाउजच्या बाहीत, हँडलवरचे हात उघडे, आणि दुपारी घरी जेवायला येताना ऊन नेमकं त्यांच्यावर.

कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. ऊन लागलं की त्या रंगाचे कण शेजारच्या पेशींना देतात आणि ते कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे जमतात. आतला गाभा उन्हाने बिघडू नये, यासाठी ही राखण असते. वर्षानुवर्षं ऊन सोसलं की काही ठिकाणी हा रंग जास्तच साचत राहतो आणि डाग पडतो. तुझं वांग थोडं वेगळं. ते दोन्ही गालांवर पसरट येतं, त्यात हार्मोन्सचा आणि घराण्याचाही भाग असतो. तुझ्या आजीलाही होतं. पण त्यालाही भडकवतं ते ऊनच.

आता त्या ट्यूबबद्दल. मुक्ता, अशा ट्यूबा मी स्वतः विकल्या आहेत. त्यांत बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी 1975 मध्ये असं मिश्रण मांडलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरतं ते उपयोगाचंही आहे. आपल्याकडे मात्र ते गोरं होण्याचं मलम म्हणून घराघरांत गेलं. लग्न ठरलेली एक मुलगी माझ्याकडून ट्यूब घेऊन गेली. महिन्याभरात चेहरा उजळला, म्हणून ती नेतच राहिली. वर्षाने आली तेव्हा गालावर पदर ओढलेला. कातडी कागदासारखी पातळ, लाल, खाली बारीक शिरा दिसत होत्या आणि हनुवटीवर लव आली होती. "ट्यूब सोडली की आग होते हो," म्हणाली. पहिली ट्यूब तिला मीच दिली होती, चिठ्ठी न मागता. ते मला अजून विसरता येत नाही. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात, हे तुला माहीत आहे. ज्या डबीवर घटकच लिहिलेले नसतात, ती तर हातातही घेऊ नकोस. काहींत पारा सापडला आहे आणि तो मूत्रपिंडं बिघडवतो.

घरगुती म्हणून लिंबूही चोळू नकोस. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते आणि महिनोन्‌महिने काळे ओघळ राहतात. लोणच्याच्या फोडी गच्चीत उन्हाला ठेवताना माझ्या मनगटावर तसे उठले होते.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे ऊन अडवायचं. आपल्याकडे शेतात खुरपायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. ते फार शहाणपणाचं आहे. तू स्कूटीवर स्कार्फ बांध, सनकोट घाल आणि हातमोजे विसरू नकोस. उघड्या भागाला सनस्क्रीन: एसपीएफ 30 किंवा जास्त, आणि पीएची खूण असलेलं, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या किरणांचा असतो. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं लाव, बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. वांगावर नुसता लख्ख उजेडही परिणाम करतो, म्हणून कातडीच्या रंगाचं, लोहाचं ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन मिळालं तर जास्त चांगलं. ऑफिसात काचेच्या खिडकीशी बसत असशील तर तिथेही लाव. डाग पाडणारे बरेच किरण काचेतून आत येतात.

दुसरं, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि तीन-चार महिने धीर धर. ॲझेलेइक ॲसिडसारखी सौम्य औषधं आहेत, ती हळूहळू काम करतात. घाईने लेझर करायला जाऊ नकोस. आपल्या सावळ्या कातडीवर तो चुकला तर डाग आणखी काळा पडतो. डाग गोठवून काढायला गेलं तर त्या जागी पांढरा चट्टा राहू शकतो. आणि एखादा डाग वाढला, आकार बदलला, त्यातून रक्त आलं, किंवा तळपायाला वा नखाखाली नवीन काळं दिसलं, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस.

माझे डाग मी राहू देते. डॉक्टरांनी ते तपासले आहेत, त्यांचा त्रास नाही. तुझं वांग तुला सलतं, तर त्यावर उपचार जरूर कर. त्यात कमीपणा काही नाही. फक्त ती ट्यूब घेतली असशील तर लावण्याआधी तिच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव. त्या मुलीला जे वाचून दाखवायला हवं होतं, ते तुला वाचून दाखवते.

तुझी,
मावशी