सुरी हातात कधी द्यायची

शिकाऊ डॉक्टरने रुग्णाच्या अंगावर पहिला छेद कधी घ्यावा, हे पुस्तक सांगत नाही. ते कोणाला तरी ठरवावे लागते, आणि जो ठरवतो त्याला बऱ्यावाईट परिणामाचा वाटाही उचलावा लागतो. वैद्यकातला गुरू, वरिष्ठ किंवा आजच्या महाविद्यालयांच्या भाषेत ‘मेंटॉर’, ही कल्पना याच जबाबदारीभोवती वाढत आली आहे.

भारतीय परंपरेत तिचे सर्वांत स्पष्ट रूप सुश्रुतसंहितेत सापडते. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात शस्त्रकर्माच्या सरावाची रीत सांगितली आहे. कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर कापण्याचा हात बसवायचा. पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदण्याचा. मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर वेध घेण्याचा. शास्त्र कितीही पाठ असले तरी ज्याने हा सराव केलेला नाही तो कर्माला अयोग्य, असे ग्रंथ स्वच्छ सांगतो. त्याहून लक्षणीय भाग दुसऱ्या अध्यायात आहे. उपनयनाच्या वेळी शिष्य आज्ञापालनाचे वचन देतो, पण गुरूही स्वतःला बांधून घेतो: शिष्य नीट वागत असताना आपण त्याच्याशी वेगळे वागलो, तर पाप आपल्याला लागावे आणि आपली विद्या निष्फळ व्हावी. करार दोन्ही बाजूंनी होता. मात्र तो सगळ्यांसाठी खुला नव्हता. शिष्याच्या पात्रतेत वर्ण आणि कुळ आधीच मोजले जाई. पुढे वैद्यकी घराण्यांतून चालू लागली तेव्हा नाडी पाहण्याचा आणि औषध करण्याचा अनुभव बापाकडून मुलाकडे जाई, आणि एखादा खास पाठ घराबाहेर पडू नये याचीही काळजी घेतली जाई.

1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि पश्चिम भारतात वैद्यक शिकण्यासाठी घराण्याची अट उरली नाही. पण साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या मुलाला मुंबई दूर होती, आणि खर्चाने तर त्याहून दूर. या भागात आधुनिक वैद्यकाचे शिक्षण पोहोचले ते वेगळ्या वाटेने.

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वानलेस 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. त्यांच्या पत्नी मेरी या प्रशिक्षित परिचारिका होत्या. सांगलीत थोडा काळ काम केल्यावर त्यांनी मिरज गाठले, आणि 1894 मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. रेल्वेमुळे कर्नाटकातले आणि दक्षिण महाराष्ट्रातले रुग्ण मिरजेला सहज पोहोचत. शस्त्रक्रिया वाढत गेल्या, मोतीबिंदूच्या तर विशेष, आणि एका सर्जनचे दोन हात पुरणे अशक्य झाले. 1897 मध्ये वानलेस यांनी तेथेच वैद्यकीय शाळा काढली. मिशनच्या दवाखान्यांना सहायक हवे होते, ही तिची उघड गरज. त्यामुळे तिचे दार प्रामुख्याने ख्रिस्ती तरुणांसाठी होते, हेही नोंदवायला हवे. जातीचे कुंपण ओलांडले गेले, पण दुसरे कुंपण उभे राहिले.

तरीही त्या शाळेची रचना विचार करण्याजोगी आहे. तिथे वर्ग आणि वॉर्ड यांच्यात अंतर नव्हते. सकाळी ज्या सर्जनने शिकवले त्याच्याच टेबलाशी विद्यार्थी उभा राहायचा. त्या काळच्या शस्त्रक्रियागृहात क्लोरोफॉर्म देणे हे अनुभवाचे काम होते. मुखवट्यावर थेंब थेंब टाकायचे, श्वासाचा आवाज ऐकत राहायचे, ओठांचा रंग पाहायचा. कधी थांबायचे हे कळायला शेजारी जाणता माणूस लागे, कारण चूक झाली तर दुरुस्तीला वेळ मिळत नसे. योगायोग असा, की ज्या वर्षी वानलेस भारतात आले त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. तिथे विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या दालनातून रुग्णाच्या खाटेशी आणले आणि हॉलस्टेड यांनी शस्त्रक्रियेचे टप्प्याटप्प्याचे निवासी प्रशिक्षण बसवले. तिथे ही पद्धत विचारपूर्वक रचली गेली. मिरजेत ती निकडीतून आली. तत्त्व एकच होते: जबाबदारी एकदम द्यायची नाही, पण अडवूनही ठेवायची नाही.

1928 मध्ये वानलेस निवृत्त झाले, 1933 मध्ये अमेरिकेत वारले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांचे नाव सांगते. मिरज दवाखान्यांचे गाव झाले, यात त्या रुग्णालयात हात तयार झालेल्या माणसांचा वाटा मोठा आहे.

दरम्यान व्यवसायाची चौकट बदलली. 1912 च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने नोंदणी आणली. 1946 च्या भोर समितीने अल्पमुदतीचे परवानाधारक अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवावी अशी शिफारस केली. रुग्णाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. गुरूच्या शब्दावर कोणालाही डॉक्टर म्हणता येऊ नये. पण परीक्षेला ज्ञान मोजता येते, निर्णयाची परिपक्वता फारशी मोजता येत नाही. ती शिकवण्याचे काम इंटर्नशिप आणि निवासी डॉक्टरकी यांच्यावर येऊन पडले.

1962 मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सांगलीचे शासकीय रुग्णालय त्याला जोडलेले आहे. 1984 मध्ये कराडला कृष्णा संस्थेचे महाविद्यालय निघाले. या परिसरातल्या वॉर्डात वरिष्ठाची किंमत कशी कळते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ऊस आणि द्राक्षाच्या या मुलखात कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात. ऑरगॅनोफॉस्फेट पोटात गेले असेल तर अ‍ॅट्रोपिन देतात, ठरावीक मिनिटांनी मात्रा दुप्पट करत. बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी वाढली की नवा निवासी डॉक्टर हात आखडता घेतो. राऊंडला आलेले सर त्याला स्टेथोस्कोप छातीवर ठेवायला लावतात. आत अजून ओलसर आवाज असतो. फुप्फुसे कोरडी होईपर्यंत औषध थांबवायचे नाही, हे त्याने वाचलेले असते. त्या रात्री ते त्याच्या कानाला कळते. तासाभराने रुग्ण तापला, बरळू लागला, आतड्याचा आवाज बंद झाला, तर आता मात्रा जास्त झाली हेही तेच सर दाखवून देतात. दोन्ही बाजूंचे धोके एकाच रुग्णावर पाहिलेला डॉक्टर पुढे ग्रामीण रुग्णालयात एकटा असतानाही गडबडत नाही.

या नात्याची काळी बाजू झाकण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती शिकण्याची संधी असते त्याच्या हाती अपमान करण्याची ताकदही असते. वरिष्ठांचा छळ म्हणजे शिस्त, असे समर्थन वर्षानुवर्षे झाले. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता. सुश्रुताच्या करारातले गुरूचे वचन गळून पडले आणि शिष्याचे तेवढे उरले, की असे होते.

2019 पासून पदवीचा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला. विद्यार्थ्याने प्रत्येक कौशल्य कोणासमोर केले याची लॉगबुकात नोंद आणि शिक्षकाची सही लागते. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र पाठ आले. ‘मेंटॉर-मेंटी’ योजनेत काही विद्यार्थी एका शिक्षकाकडे सोपवले जातात. एकेकाळी आपोआप घडणारी गोष्ट आता नियमाने घडवावी लागते. यात हळहळण्यासारखे काही नाही, कारण आपोआप घडत होती ती मोजक्यांच्याच वाट्याला. धोका वेगळा आहे: सही होते, निरीक्षण होत नाही.

साताऱ्यात 2021-22 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी आली तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. पहिल्या तुकडीला वरच्या वर्गातले विद्यार्थी नसतात. विद्यार्थी बरेचसे धडे प्राध्यापकापेक्षा दोन वर्षे पुढच्या मुलामुलींकडून घेतात. शिरेत सुई कशी जाते, नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगतात, रात्रपाळीत कोणाला उठवायचे. मिरजेच्या पहिल्या तुकड्यांना ही उणीव कमी जाणवली असणार, कारण गावात जवळपास सात दशकांची रुग्णालयाची परंपरा होती. साताऱ्यात ती जागा जिल्हा रुग्णालयातल्या अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आणि परिचारिकांनीच भरायची आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, त्यामुळे शिकवण्याचे काम महाविद्यालयाच्या भिंतींबाहेरही गेले आहे. या अधिकाऱ्यांच्या कामाच्या वेळापत्रकात शिकवण्यासाठी वेगळे तास राखले, तरच त्यांना विद्यार्थ्याच्या शेजारी थांबता येईल. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी उरकून उरलेल्या दहा मिनिटांत कोणाच्या हातात सुरी देता येत नाही.