आधी कोण?

रेशनच्या दुकानात जो आधी आला, त्याचा नंबर आधी. यालाच आपण न्याय म्हणतो. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मात्र हा न्याय चालत नाही. आपण आपल्या माणसाला घेऊन तासभर बसलेलो असतो आणि मागून आलेल्याला आत नेतात. मग आपला संताप दारातल्या परिचारिकेवर निघतो.

ती काही मर्जीने निवड करत नसते. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे याने हुद्दा न पाहता, जखम पाहून उपचारांचा क्रम लावला. १९९० च्या दशकात इंग्लंडमधील मँचेस्टर येथे डॉक्टर व परिचारिकांनी मिळून त्याची नीट पद्धत बसवली. श्वास, रक्तस्राव, शुद्ध, वेदना पाहून परिचारिका रुग्णाला पाचपैकी एक रंग देते. लाल म्हणजे तत्काळ उपचार. नारिंगी १०, पिवळा ६०, हिरवा १२० आणि निळा २४० मिनिटांच्या आत. पुढे अनेक देशांनी ही पद्धत स्वीकारली.

तेव्हा समानता म्हणजे सर्वांना एकच रांग नव्हे. ज्याची गरज मोठी, त्याचा हक्क आधी. पण थांबणाऱ्याचाही हक्क उरतोच. का थांबायचे हे त्याला सांगायला हवे, त्याची प्रकृती पुन्हा तपासायला हवी. हिरव्याचा लाल कधी होईल, सांगता येत नाही.

आणि आपले कर्तव्य? ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून पुढे न घुसणे. आपला नंबर मागे जातो, तेव्हा आत कुणाचा तरी जीव वाचवण्याची धडपड चाललेली असते. उद्या त्या खाटेवर आपणही असू शकतो.