आखूड पल्ल्याची गोळी आणि शरण आलेला जीव

हिंसेचा दोष हत्याराच्या पल्ल्यावर ठरतो, की हत्यार उचलणाऱ्याच्या संकल्पावर? प्रश्न वरकरणी पंडिती वाटतो. परंतु आजच्या वासनिकाच्या घरात तो कोणत्याही दिवशी उभा राहू शकतो. मुळशी तालुक्यातील माण या गावाचेच उदाहरण घ्यावे. एके काळी भातखाचरांचे असलेले हे गाव आता हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात सामावले आहे. येथील कचेऱ्यांतून कित्येक तरुण अमेरिकेस जातात. समजा, अशाच एका उपदेशी कुटुंबातील मुलगा ओहायो राज्यात नोकरीस आहे. नोव्हेंबरअखेर तेथे हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो आणि सोबतचे सज्जन, कुटुंबवत्सल गृहस्थ त्याला आग्रहाने बोलावतात. मुलगा वडिलांना विचारतो, "बाबा, येथे कायद्याने इतकी काळजी घेतली आहे, मारलेल्या हरणाचे मांस वाया जात नाही, आणि न मारावे तर तीच हरणे हिवाळ्यात उपाशी मरतात. मग हीसुद्धा हिंसाच का?" अशा वेळी वडिलांनी काय उत्तर द्यावे?

‘पाप आहे, जाऊ नकोस’ एवढे म्हणणे सोपे आहे. पण पूर्वपक्ष न ऐकता दिलेला निर्णय मनात रुजत नाही. म्हणून तो पक्ष आधी नीट समजून घ्यावा.

नेहमीच्या रायफलीच्या काडतुसाचे पितळी कवच बाटलीसारखे मानेशी आवळलेले असते. रुंद कवचात दारू अधिक मावते आणि अरुंद मानेतून बारीक गोळी अतिवेगाने सुटते. ती फार दूरवर जाते. डोंगराळ, निर्जन प्रदेशात हे चालते. ओहायो, आयोवा, दक्षिण मिशिगन हा भाग मात्र बराचसा सपाट आहे. शेताच्या पलीकडे घर, घरापलीकडे शाळा. चुकलेली गोळी अडवायला मध्ये टेकडीही नाही. म्हणून अशा भागांत हरणांसाठी रायफलीला पुष्कळ वर्षे मनाई होती आणि छऱ्याच्या बंदुकीतून सोडलेल्या जड गोळीलाच परवानगी होती. पुढे २०१४ मध्ये ओहायोने आणि २०१७ मध्ये आयोवाने मधला मार्ग काढला. ज्या काडतुसाचे कवच बुडापासून तोंडापर्यंत सरळ, जवळजवळ एकाच जाडीचे असते, ते वापरण्यास मुभा दिली. त्याची गोळी जड व तुलनेने मंद असते आणि लवकर खाली येते. दीडशे-दोनशे यार्डांच्या आत नेम मात्र जुन्या बंदुकीपेक्षा पक्का लागतो. म्हणजे शेजारी सुरक्षित राहावा आणि हरिण जखमी होऊन तडफडत न राहता लगेच मरावे, असा दुहेरी हेतू. तेथील विवेकी शिकारी आणखी काही नियम स्वतःहून पाळतात. खात्री नसलेल्या अंतरावरून चाप ओढायचा नाही. हरणाच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय गोळी सोडायची नाही. जखमी जनावराचा रक्ताचा माग काढल्याशिवाय घरी परतायचे नाही.

हे सर्व तुच्छ मानण्याजोगे नाही. आपण सुरू केलेले दुःख कोठे जाऊन थांबेल याचा आधी विचार करणे, हा धर्माचा पहिला धडा आहे. पुष्कळ अहिंसावादी म्हणवणारेही तो गिरवीत नाहीत. पूर्वपक्षाचे दुसरे म्हणणेही खोटे नाही. माणसाने तेथील लांडगे निपटून काढले, मैलोन्‌मैल मका व सोयाबीन पेरले आणि हरणांची संख्या वाढली. ती रस्त्यांवर वाहनांना धडकतात, पिके खातात, कडक हिवाळ्यात अन्नावाचून मरतात.

आता उत्तरपक्ष. लीळाचरित्रातील सशाची लीळा प्रत्येक वासनिकाने ऐकलेली असते. पारध करणाऱ्यांनी सशामागे कुत्री सोडली. थकलेला ससा धावत येऊन सर्वज्ञांच्या जानूतळी दडला. कुत्री थबकली. मागोमाग पारध करणारे आले व ससा मागू लागले. सर्वज्ञांनी तो शरण आल्याचे सांगितले. येथपर्यंतचा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. त्या माणसांनी पुढे केलेल्या कारणाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ते भुकेचे नाव घेत नाहीत. हा ससा पैजेचा आहे, तो न मिळाला तर आपसांत सुऱ्या निघतील, असे ते सांगतात.

या कारणाचे वजन ओळखले पाहिजे. एका सशाचा जीव एका बाजूस आणि माणसांचे संभाव्य रक्त दुसऱ्या बाजूस, असा हिशेब सर्वज्ञांपुढे ठेवला गेला. ‘ससा मारला नाही तर माणसांचे अहित होईल’ आणि ‘हरणे मारली नाहीत तर माणसांचे अहित होईल’, या दोन वाक्यांत सात शतकांहून अधिक अंतर आहे, युक्तिवाद मात्र एकच आहे. सर्वज्ञांनी तो मान्य केला नाही. कारण पैज माणसांनी लावली होती आणि सुऱ्याही माणसांच्याच कमरेला होत्या. सशाने कोणाशी पैज लावली नव्हती. माणसाने निर्माण केलेल्या पेचाची किंमत ज्या जीवाचा त्या पेचाशी संबंध नाही त्याच्याकडून वसूल करावी, हे धर्मास संमत नाही. शेवटी त्या माणसांचा आग्रह सुटला. सर्वज्ञांनी जानू उचलली आणि थोर पुरुषास निरोप द्यावा तशा आदराने सशास जाण्यास सांगितले.

येथे आखूड पल्ल्याच्या गोळीचा खरा निवाडा होतो. तो नियम गोळीच्या वाटेवरील सर्वांची मोजदाद करतो, पण सुरुवात हरणाच्या पलीकडून करतो. भिंतीआडचा शेजारी त्यात मोजला जातो, रस्त्यावरचा वाटसरू मोजला जातो. नळीसमोर उभा असलेला जीव तेवढा मोजणीतून वगळला जातो. त्याच्याविषयी फक्त ‘लवकर मरावा’ इतकाच विचार होतो. सूत्रपाठातील आज्ञा मोजणीचा आरंभ दुसऱ्या टोकाकडून करते. आपल्यामुळे मुंगीलासुद्धा वैधव्य येऊ नये, असा तिचा आशय आहे. मुंगीच्या ठायी पती-पत्नीचे नाते कल्पून सर्वज्ञांनी दाखविले, की जो मरतो तो ‘संख्येतील एक’ नसतो. तो कोणाचा तरी कोणी असतो. ‘हरणे फार झाली’ हे वाक्य कळपाविषयी खरे असेल. गोळी मात्र कळपाला लागत नाही, एका हरणाला लागते.

मग वेदना कमी करण्याला काहीच मोल नाही काय? आहे. तडफडवून मारण्यापेक्षा तत्काळ मारणे कमी क्रूर, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कमी क्रूर म्हणजे निर्दोष नव्हे. चोराने कुलूप न फोडता किल्लीने दार उघडले म्हणून चोरी दान होत नाही. शिवाय सफाईत एक सूक्ष्म धोका असतो. हत्या जितकी नीटनेटकी होते, तितकी ती करणाऱ्याच्या मनाला कमी टोचते. ज्या दिवशी ती मुळीच टोचत नाही, त्या दिवशी हत्येचा खेळ झालेला असतो. मारण्याची आवड हा दोष काडतुसाच्या आकाराने दूर होत नाही.

इतके झाल्यावर एक अवघड प्रश्न उरतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ओहायोतील शिकारीस ‘जाऊ नकोस’ म्हणता येते. पण ऋद्धिपूर परिसरात, विदर्भ-मराठवाड्यात पंथाचे कितीतरी अनुयायी शेतकरी आहेत. रोह्यांचा कळप रात्रीतून तूर फस्त करतो, रानडुकरे उभे पीक लोळवतात, हरणे कोवळे शेंडे खुडून नेतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीस बंदी आहे, तरी पिकांच्या रक्षणासाठी अपवाद ठेवलेले आहेत. बिहारमधील मोकामा भागात २०१६ मध्ये बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक रोही मारण्यात आले. आपल्या राज्यातही २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांना परवान्याने मारण्याची मुभा देणारा शासननिर्णय झाला. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या मुलीचे लग्न त्या तुरीवर अवलंबून आहे, त्या उपदेशी शेतकऱ्याने परवाना मागावा काय?

आज्ञा बदलत नाही. परंतु आज्ञेचे ओझे कोणी उचलावे, याचा विचार झाला पाहिजे. माणच्या उंच इमारतीत राहणारा वासनिक तीच तूरडाळ दुकानातून आणतो आणि अहिंसेचा गौरव करतो. त्याच्या अहिंसेला काही खर्च येत नाही. तो सर्व खर्च शेतकरी एकटा भरतो. रोह्याला जगू द्यावे असे सर्वांना वाटत असेल, तर रोह्याने खाल्लेल्या तुरीची भरपाई सर्वांनी वाटून घेतली पाहिजे. शासनाची नुकसानभरपाई असते, पण ती अनेकदा अपुरी व उशिरा मिळते. जीव न घेता जनावराला मागे फिरवणारे सौर कुंपण असते, पण त्यालाही पैसा लागतो. गावागावांतील उपदेशी मंडळींनी आणि आश्रमांनी एखाद्या उत्सवाचा थाट कमी करून गरीब शेतकऱ्याच्या बांधावर असे कुंपण उभे केले, तर सशावर धरलेल्या त्या जानूचे ते अल्पसे अनुकरण होईल. सर्वज्ञांनी आसनावरून उपदेश करून ससा वाचविला नाही. स्वतःच्या देहाखाली आश्रय देऊन वाचविला.

बंदुकीवाचून होणारी पारधही ध्यानात घ्यावी लागेल. मुळशीच्या पश्चिमेस ताम्हिणीच्या रानात भेकर व सांबर अजून नांदतात. २०१३ मध्ये त्या रानास अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण वसाहती पश्चिमेकडे सरकत आहेत. डोंगर फोडून घरे उठतात, वाटा अडतात, रस्त्यावर रात्रीची वाहने भरधाव जातात, उघड्यावर टाकलेल्या उष्ट्यावर कुत्र्यांचे कळप पोसले जातात आणि तीच कुत्री रानाच्या कडेला हरणांचा पाठलाग करतात. येथे कोणीही चाप ओढलेला नसतो. तरीही गोळीचा पल्ला मोजणाऱ्या त्या परदेशी शिकाऱ्याइतका तरी विचार येथील गृहस्थाने केला आहे काय, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा माणच्या त्या वडिलांनी मुलास सांगावे, "बाळा, तुझे सोबती वाईट नाहीत. भिंतीआडच्या माणसाची ते काळजी घेतात, ती तूही घे. पण आपल्या पंथाने तुला आणखी एका जीवाची काळजी घ्यायला शिकविले आहे, आणि तो भिंतीच्या अलीकडे, अगदी समोर उभा आहे. त्यांच्याबरोबर जेवायला बस, त्यांच्या सुखदुःखात जा, त्या दिवशी मात्र रानात जाऊ नकोस." आणि एवढे सांगून झाल्यावर वडिलांनी स्वतःलाही विचारावे, की आपल्या सुखासाठी कोणता जीव पळता पळता थकला आहे, आणि त्याला दडायला आपल्यापाशी जागा आहे काय. मुलाला दिलेले उत्तर खरे ठरणे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

दंडवत प्रणाम.